जुन्या गाडीखाली खडखडणारे पेट्रोल अन् ब्रेकचे पाइप पक्के कसे करायचे

आजोबांच्या वेळची फियाट नाहीतर अँबेसिडर गोठ्याच्या बाजूला वर्षानुवर्षं उभी होती, ती तुम्ही हौसेनं पुन्हा रस्त्यावर आणली, इंजिन मस्त चालू आहे, पण पांदण रस्त्यानं वावराकडे काढली का खालून टिणटिण, खडखड, झणझण सुरू. अशांसाठी हे लिहितो आहे. "जुनी गाडी हाय, आवाज तं येनारच" असं सांगणारे लय भेटतील, त्यांचं ऐकू नका राजेहो. सायलेन्सरचा पत्रा वाजत असला तर फक्त डोकं दुखते. पण पेट्रोलचा नाहीतर ब्रेकचा पाइप वाजत असला तर समजा का तो कुठंतरी पत्र्याला घासतो आहे अन् दर खड्ड्याला थोडा थोडा झिजतो आहे. विहिरीच्या काठाचा दगडसुद्धा दोरानं खाचतो, अन् इथं तर ब्रेकच्या पाइपाची भिंत जेमतेम ०.७ मिलिमीटर जाड असते.

त्यात जुन्या बऱ्याच गाड्यांत ब्रेकचं सर्किट एकच. मास्टर सिलेंडरमधून (पेडल दाबलं का ब्रेक ऑइल ढकलते तो भाग) निघालेलं ऑइल एकाच लाइननं चारही चाकांना जाते, म्हणून कुठंही एका जागी पाइप फुटला का चारही चाकांचा ब्रेक जातो, उरतो फक्त हँडब्रेक. जोरात ब्रेक मारला तर त्या बारक्या पाइपात ७० बारच्या वर दाब जातो, टायरात हवा असते २ बारच्या आसपास, यावरून अंदाज घ्या. म्हणून नुसता आवाज बंद करायच्या मागं लागू नका, पाइप त्याच्या जागेवर धरून ठेवायचा आहे, आवाज मंग आपोआप जाते.

आधी गाडी धुवा, मग जागा पाहा

आपल्याकडची काळी माती एकदा गाडीच्या पोटाला चिकटून वाळली का सिमेंट होते. तिच्याखाली पाइप आहे का क्लिप आहे का गंज आहे, काही दिसत नाही. तर कामाच्या आदल्या दिवशी वॉशिंग सेंटरवर नेऊन खालून नीट धुवून घ्या, पण पोराला सांगा का प्रेशरची नळी ब्रेकच्या रबरी होजवर अन् चाकाच्या आत लय जवळून मारू नको. रात्रभर वाळू द्या.

काम करायची जागा पक्की पाहिजे. अंगणात फरशी नाहीतर कोबा असेल तर उत्तम. मातीच्या अंगणात करणार असाल तर जॅकखाली अन् घोडीखाली (उचललेली गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड) जाड सागाची फळी टाका, पाऊस पडून गेल्यावर तर मातीत कामच करू नका, काळ्या रानात घोडी एका बाजूनं खचते अन् ते डोळ्यांना उशिरा दिसते. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली एक हातसुद्धा घालायचा नाही. विटांचे थर लावून त्यावर गाडी टेकवणारे आहेत, वीट अचानक फुटते, ते करू नका. दोन घोड्या विकत घ्या नाहीतर गावातल्या मेकॅनिकभाऊकडून एका दिवसापुरत्या मागून आणा, कोणी नाही म्हणत नाही.

पेट्रोलच्या पाइपाजवळ काम आहे म्हणून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. उजेडासाठी एलईडी टॉर्च वापरा, वायरवाला पिवळा बल्ब नको, तो फुटला तर ठिणगी अन् वर पेट्रोलचा वास. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला त्या दिवशी तिकडे फिरकू देऊ नका. बाजूला कोरड्या वाळूचं घमेलं भरून ठेवा, आग विझवायचा सिलेंडर असेल तर अजून चांगलं. अन् इंजिन, सायलेन्सर थंड झाल्याशिवाय खाली शिरू नका.

एक नियम नवख्यांनी पाळाच: पहिल्या वेळेस कोणताही जोड खोलायचा नाही. पाइप धरायच्या क्लिपा लावायला एकही नट ढिला करावा लागत नाही. नट खोलला का ऑइल गळणार, हवा शिरणार, मग चारही चाकांच्या ब्रेकच्या लाइनमधली हवा काढत बसा, अन् जुना नट गंजलेला असला तर त्याच्यासोबत पाइपही पिळून तुटतो.

वाजते नेमकं काय

ही पायरी लोक सोडून देतात अन् मग भलत्याच जागी क्लिप लावून बसतात. आवाज दोन तऱ्हेचा असतो. गाडी उभी असताना, विशिष्ट रेसवरच झणझण येते अन् रेस वाढवली का जाते, तो बहुतेक इंजिनच्या थरथरीनं वाजणारा पुढचा भाग, म्हणजे फायरवॉलजवळचे (इंजिन अन् ड्रायव्हरच्या मधला पत्रा) नाहीतर इंजिनवरच्या पेट्रोल पंपाजवळचे (टाकीतून पेट्रोल ओढतो तो) पाइप. अन् चालताना फक्त खड्ड्यात, गिट्टीवर खडखड येते तो फ्लोअरखालचा लांब मोकळा पाइप नाहीतर मागच्या एक्सलवरचा.

पहिला प्रकार तपासायला (यापुरती बॅटरी जोडा) गाडी चारही चाकांवर जमिनीवर ठेवा, न्यूट्रल, हँडब्रेक, ठोकळे, एक जण आत बसून हळूहळू रेस वाढवेल, दुसरा बाहेरून बॉनेट उघडून ऐकेल. गाडी चालू असताना खाली कोणी शिरायचं नाही. दुसऱ्या प्रकाराला इंजिन बंद करून, गाडी घोड्यांवर घेऊन, पाइपावर टाकीपासून पुढपर्यंत हात फिरवत या. दोन बोटांनी हलकेच वर-खाली हलवा. पक्का पाइप हलत नाही. जो हलून पत्र्याला टेकतो, तिथं टॉर्च मारून पाहा, घासल्याची चकाकणारी रेघ दिसते, नाहीतर बाजूच्या पत्र्याचा रंग उडालेला दिसतो. त्या प्रत्येक जागी खडूनं खूण करा. रिकामी भोकं, तुटलेली पत्ती, अर्धी उरलेली क्लिप दिसली तर तिथंही खूण करा, कंपनीनं पाइप जिथं धरला होता ती हीच जागा.

हँडब्रेकची केबल अन् तिची ढिली पत्ती हुबेहूब पाइपासारखीच वाजते, सायलेन्सरचा हँगर तुटला तरी तसंच. म्हणून शंका असली तर संशयित जागी पाइप अन् पत्र्याच्या मध्ये जाड पुठ्ठा अडकवा, गावातल्या गावात हळू चक्कर मारा. आवाज गेला तर जागा सापडली. पुठ्ठा आठवणीनं काढून घ्या, अन् सायलेन्सरजवळ तो लावूच नका.

क्लिप लावायच्या आधी पाइप जगणार आहे का ते ठरवा

इथं मी सगळ्यात जास्त वेळ घालवा म्हणतो. खडूची खूण केलेल्या प्रत्येक जागी पाइप फडक्यानं पुसा, सुटा गंज तारेच्या ब्रशनं हलक्या हातानं काढा, अन् त्यावर अंगठ्याचं नख आडवं फिरवा. नुसता रंग गेला असेल, नख कुठं अडकत नसेल, तर पाइप ठीक आहे. घासून सपाट झालेल्या भागाच्या कडेला नख अडकत असेल, गंजाचे खड्डे हाताला लागत असतील, पाइप ओला दिसत असेल, दबून चपटा झाला असेल, तर त्याला क्लिप लावून उपयोग नाही, तो पाइप बदलायचाच. ०.७ मिलिमीटरमध्ये नखाला लागेल एवढी खाच म्हणजे उरलं किती?

सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर बाइंडिंग वायरचा पीळ, हा जुगाड खेड्यापाड्यात जवळपास प्रत्येक जुन्या गाडीखाली सापडतो, अन् सगळ्यात वाईट पाइप त्याच्याच खाली निघतात. शेजारच्या गावातल्या एका अँबेसिडरची अशी पट्टी मी सोडली होती. बाहेरून पाइप दोन्ही बाजूनं काळा, कोरडा, ठणठणीत दिसत होता. पट्टीचा शेवटचा वेढा सुटला तशी आतून ओली माती निघाली, तिच्याखाली पाइपाला लाल पापुद्रे आले होते, अन् जिथं तार आवळली होती तिथं गोल खाच पडली होती, ब्रशच्या दुसऱ्या हातालाच तिथून ऑइलचा थेंब आला. आवाज मात्र अजिबात येत नव्हता, म्हणून मालक निर्धास्त होते, अन् त्या गाडीतून ते घरच्या लेकराबाळांना घेऊन तालुक्याला जात होते. रबराची पट्टी पाणी धरून ठेवते, तार पाइपाला कापते, अन् ट्यूबचं रबर पेट्रोल लागलं का फुगून लिबलिबीत होते. अशी पट्टी तुमच्या गाडीखाली असेल तर आधी ती सोडून आतला पाइप पाहा.

पाइप बदलायचा निघाला तर नवख्यानं इथं थांबावं अन् चांगल्या मेकॅनिककडे द्यावं. फक्त तो काय लावतो याकडे लक्ष ठेवा. ब्रेकला स्टीलचा ब्रेक पाइप नाहीतर क्युप्रोनिकेलचा (तांबं अन् निकेलच्या मिश्रणाचा) पाइप चालतो, फ्रिजवाल्याकडचा साधा तांब्याचा पाइप चालत नाही, तांबं थरथरीनं कडक होऊन चिरते. मधला खराब तुकडा कापून त्या जागी रबरी नळी अन् क्लॅम्प हा प्रकार ब्रेकच्या लाइनवर कधीच नाही, एमसील नाही, झाळणं नाही. पाइप एका जोडापासून दुसऱ्या जोडापर्यंत पूर्ण बदलायचा, तोंडं मशीननं डबल फुलवलेली (कड दुहेरी दुमडून रुंद केलेली) पाहिजेत. जुना पाइप नमुना म्हणून सोबत ठेवा, अन् मापात घोळ होतो तो इथं: अँबेसिडर मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, तिचे जुने नट इंची आट्याचे, फियाट मिलिमीटरची. जबरदस्तीनं आटा चढवला का पुढं गळत राहते.

क्लिपा: कोणत्या, किती, कुठं

रबराचं अस्तर असलेली पत्र्याची पी-क्लिप सगळ्यात चांगली, पाइपाभोवती गोल फिरून तिची दोन्ही टोकं एका बोल्टात येतात. नागपूर, अमरावती, अकोल्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत मागून पाहा, तालुक्याला ट्रॅक्टरच्या पार्टवाल्याकडे विचारा, हायड्रॉलिकच्या बारक्या पाइपांना लागते म्हणून कधी कधी त्याच्याकडे निघते. ब्रेकचा पाइप बहुतेक ४.७५ मिलिमीटरचा असतो, जुने मिस्त्री त्याला तीन सोळांश इंच म्हणतात, त्याला ५ ची क्लिप. पेट्रोलचा पाइप ६ ते ८ मिलिमीटरचा, तो व्हर्नियरनं मोजून घ्या. मोठी क्लिप घेऊन आत रबर कोंबू नका, पाइप तिच्यात पुन्हा नाचतो, अन् लहान क्लिप आवळली तर पाइप चपटा होतो.

क्लिप मिळाली नाही तर घरी बनवता येते. पेट्रोलच्या चांगल्या रबरी नळीचा दीड-दोन सेंटीमीटरचा तुकडा कापा, लांबीत चीर द्या, पाइपावर चढवा. एक मिलिमीटर जाडीच्या जीआय पत्र्याची बोटाच्या रुंदीची पट्टी कापून, सगळ्या कडा कानशीनं मोडून, त्या रबराभोवती वाकवा अन् दोन्ही टोकांत मिळून एक भोक पाडा. कडा मोडायचा कंटाळा करू नका, धारदार पत्रा त्याच पाइपाला कापेल जो तुम्ही वाचवायला निघाले. लाइट फिटिंगवाल्यांची सॅडल पट्टी लावू नका, ती या पाइपाला ढिली होते.

अंतराचं असं ठेवा का सरळ पाइपाला साधारण २५ ते ३० सेंटीमीटरवर एक क्लिप, वळण असेल तर वळणाच्या दोन्ही बाजूला एक-एक, अन् जिथं पाइप जोडाला जातो त्याच्या अलीकडे वीतभराच्या आत एक. सगळ्यात आधी कंपनीचीच जुनी भोकं वापरा. बोल्ट ५ नाहीतर ६ मिलिमीटरचा, खाली वायसर, नट नायलॉनवाला, म्हणजे थरथरीनं सुटत नाही. पाइपाला जिथं रंग गेला आहे तिथं क्लिपेच्या आधी रेडऑक्साइडचा हात मारून पूर्ण वाळू द्या.

नवीन भोक पाडायची वेळ आलीच तर आधी वरून मॅटिंग उचलून पाहा का त्या जागी आत काय आहे, वायरिंग आहे का, सीटचा बोल्ट आहे का. टाकीजवळ अन् पेट्रोलच्या ओल्या जोडाजवळ ड्रिल लावायचंच नाही, ड्रिलच्या मोटारीतून ठिणग्या उडतात. जीपवाल्यांनी जास्त जपा, महिंद्राच्या जुन्या जीपांत टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. भोकाच्या कडेला लगेच रंग लावा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तिथूनच फ्लोअर सडायला लागते.

पाइप क्लिपेत बसवताना ओढून-ताणून आणायचा नाही. तो आपसूक जिथं बसतो तिथं क्लिप न्यायची. ताणलेला पाइप जोडाच्या गळ्याशी चिरतो. मास्टर सिलेंडरजवळ काही गाड्यांत ब्रेकचा पाइप गोल वेढे घेऊन गेलेला दिसतो, ते वेढे थरथर पचवायला मुद्दाम दिलेले आहेत, सरळ करू नका. मागच्या एक्सलवर पाइप धरायला वाकवलेल्या पत्त्या असतात, त्या पुन्हा पुन्हा वाकवल्या का तुटतात, म्हणून एकदाच हळू उघडा अन् एकदाच बंद करा.

सायलेन्सरपासून पाइप चार बोटं तरी लांब पाहिजे. आवाज थांबावा म्हणून कोणी पेट्रोलचा पाइप सायलेन्सरच्या बाजूनं वळवून बांधला असेल तर तो मूळ जागी आणा. आपल्याकडे मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, वर्ध्याकडे पारा ४५ च्या वर जातो, त्यात पाइप तापला का आत पेट्रोलची वाफ होते, पंपाला पेट्रोल ओढता येत नाही अन् गाडी रस्त्यात बंद पडते. मग पंपावर ओलं फडकं टाकून अर्धा तास झाडाखाली बसावं लागते. प्रोपेलर शाफ्ट (मागच्या एक्सलला फिरवणारा लांब दांडा), हँडब्रेकची केबल, सस्पेन्शन यांच्यापासूनही दोन बोटं मोकळी ठेवा, अन् गाडी चाकांवर टेकल्यावर ते अंतर पुन्हा पाहा, घोडीवर एक्सल लोंबकळत असला तर अंतर खोटं दिसते.

रबरी होज वेगळे

बॉडीतून चाकाकडे नाहीतर मागच्या एक्सलकडे जाणारा ब्रेकचा रबरी होज हलण्यासाठीच असतो. त्याला क्लिप नाही, टाय नाही, दोरी नाही. बांधला तर स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावर नाहीतर खड्ड्यात चाक खाली गेल्यावर तो ताणून उपटतो. फक्त होजचं टोक बॉडीवरच्या ब्रॅकेटमध्ये पक्कं आहे का पाहा, तिथली लॉकची पत्ती बरेचदा गायब असते अन् आवाज तिथूनच येत असतो. होजला चिरा दिसल्या, फुगवटा दिसला तर बदला.

तसंच पेट्रोल पंप इंजिनवर बसतो अन् इंजिन रबरावर डोलते, म्हणून बॉडीच्या पाइपापासून पंपापर्यंत मधे रबरी नळीचा तुकडा लागतो. ती नळी नवीनच घाला. आता पेट्रोल भरायला जातो त्या पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळते, जुन्या काळची रबरी नळी त्यात आतून मऊ होते, चिरते. नळीवर एसएई जे-३० आर-९ असं छापलेलं पाहून घ्या, महाग पडते पण तुकडा केवढा लागतो. टाकी ते पंप हा भाग ओढीवर चालतो, तिथं बारीक चीर असली तर चालत्या गाडीत पेट्रोल गळताना दिसत नाही, उलट हवा आत जाते अन् गाडी चढावर मिसिंग मारते. कार्ब्युरेटर खोलण्याआधी ही नळी पाहा. ही नळी बदलायची म्हणजे पेट्रोल सांडणार, तर टाकी जवळपास रिकामी असताना, मोकळ्या हवेत, जाणत्या माणसाला सोबत घेऊनच करा.

नायलॉनचा केबल टाय रस्त्यात अडचण आली तर घरी पोचेपर्यंत ठीक आहे. कायमचा नाही, आपल्या उन्हात अन् इंजिनच्या धगीत तो ठिसूळ होऊन तुटतो.

झाल्यावर तपासणी

इंजिन बंद ठेवून एकानं ब्रेकचा पेडल जोरात दाबून एक मिनिट धरायचा, दुसऱ्यानं टॉर्चनं प्रत्येक जोड अन् क्लिपेची जागा पाहायची. पेडल हळूहळू खाली जात असेल तर गाडी हलवायची नाही, ऑइल कुठंतरी जात आहे. मास्टर सिलेंडरच्या डबीतली पातळी पाहा, कमी असेल तर गाडीला जे ऑइल सांगितलं आहे तेच सीलबंद डब्यातून टाका, अर्धा उघडा पडलेला डबा नको, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेते. रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, रंग उठतो.

मग बॅटरी जोडून इंजिन दहा मिनिटं चालू ठेवा, बंद करा, अन् पेट्रोलच्या जोडांखाली कोरडा पेपर अंथरून रात्रभर ठेवा. सकाळी डाग नाही, वास नाही, तर आधी अंगणात, मग मोकळ्या वावराच्या वाटेनं हळू चालवून ब्रेक मारून पाहा, त्यानंतरच डांबरी रस्ता. दोनशे-अडीचशे किलोमीटर झाले का पुन्हा एकदा खाली शिरून सगळे बोल्ट पान्यानं पाहा, नवीन रबर दबते म्हणून क्लिप थोडी ढिली होते. अन् पावसाळा सरला का दिवाळीच्या आत गाडी खालून परत धुवून क्लिपांच्या मागं बसलेली माती काढून टाका, मागच्या एक्सलवरच्या टी जोडाजवळ (जिथून पाइप दोन चाकांकडे फुटतो) ती सगळ्यात जास्त बसते.